खळीनं चिकटवलेलं नाव

“ती पुढच्या दारानं आत आली ना, की त्याच घटकेला मी मागच्या दारानं बाहेर पडेन! ऐकलंस? आणि माझा शब्द म्हणजे माझा शब्द!”

बोलता बोलता म्हातारीनं हातातला कप इतक्या जोरात आदळला की बशीतला चहा टेबलावर सांडला आणि वाहत वाहत थोरलीच्या कागदांपर्यंत पोचला. थोरलीनं मान वर केली नाही. तिनं नुसते कागद बाजूला सरकवले आणि फडक्यानं टेबल पुसलं. आयुष्यभर आईनं सांडलेलं पुसत आलेली ती मुलगी… चहा काय आणि शब्द काय, तिला दोन्हींची सवय होती!

“तुझा शब्द मी कधी मोडलाय, आई?” ती हलकेच म्हणाली. “मी फक्त कानावर घातलं. उद्या बाबांना जाऊन तीन वर्षं होतात. पाळकसाहेब प्रार्थनेला येणार आहेत. धाकटीलाही मी कळवलंय. ती दुपारी पोचेल.”

“कोणाला विचारून कळवलंस?”

“कोणाला विचारणार? विचारलं असतं तर तू ‘नाही’ म्हणाली असतीस.”

यावर म्हातारी अधिकच भडकली. गल्लीत तिला सगळे ‘दाभण’ म्हणत. पुस्तकाच्या घड्यांना भोकं पाडायचं ते जाड सुईसारखं हत्यार. नवरा पुस्तकं बांधायचा धंदा करी आणि ही माणसं टोचायचा, असं शेजारचा न्हावी म्हणायचा. तिच्या कानावर ते गेलं, तेव्हा ती भर रस्त्यात त्याला म्हणाली होती, “दाभण भोक पाडतं म्हणून तर पान पानाला धरून राहतं रे! तुझ्या कात्रीनं आजवर काही जोडलंय का?” न्हाव्यानं हात जोडले होते.

“आणि आणखी एक,” थोरली म्हणाली, “पाळकसाहेब घरच्याच पवित्र शास्त्रातून, आपल्या त्या जुन्या बायबलातून वाचणार आहेत. त्याचा कणा सुटलाय. बाबा सांगून गेलेत, हा कणा मोडला तर कोणी हात लावायचा नाही. आईनंच बांधायचा.”

“तर काय! माझ्या हाताची शिलाई तुला जन्मात यायची नाही!”

थोरलीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू होतं की दुःख, ते म्हातारीनं पाहिलं नाही. तिची नजर कपाटावरच्या त्या जाडजूड ग्रंथाकडे गेली होती… आणि ग्रंथाबरोबर अठरा वर्षं मागे.

काय दिवस होते ते! पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं लांबलचक टेबल. छपाईखान्यातून कागद यायचे. त्यांना घड्या घालून फर्मे करायचे आणि एकेका फर्म्याची एकेक चळत ओळीनं मांडायची. मग मायलेकींनी टेबलाच्या कडेनं चालत प्रत्येक चळतीतला एकेक फर्मा उचलायचा. टेबल संपलं की हातात अख्खं पुस्तक तयार! याला म्हणायचं जुळणी. थोरली संथ जुळवायची आणि धाकटी गात गात. आई मात्र वाऱ्यासारखी! मान वर, नजर खिडकीबाहेर, तोंडानं न्हाव्याच्या बायकोशी भांडण चालू, आणि हात आपोआप चळतींवरून फिरताहेत! “डोळे मिटून जुळवते मी!” ती अभिमानानं सांगायची. नवरा चष्म्यावरून तिच्याकडे बघायचा आणि पुन्हा शिलाईत मान घालायचा.

कारण त्याला ठाऊक होतं. डोळे उघडे ठेवूनही तिला उपयोग नव्हता. फर्म्याच्या घडीवर छापलेला आकडा तिला वाचताच येत नव्हता! लहानपणी शाळेचं तोंड पाहिलं न पाहिलं तोच भावंडं कडेवर आली होती. हे गुपित घराच्या भिंतींबाहेर जाऊ नये म्हणून ती जिवापाड जपे. देवळात गीतपुस्तक उघडून धरी आणि पाठ असलेलं गाई. शेजारणीनं पान उलटलं की हीही उलटे. चळती तिला जागेवरून ठाऊक असत, पहिली दाराशी, शेवटची खिडकीशी.

प्रत्येक बाईची खूण ठरलेली. पुस्तक जुळलं की शेवटच्या फर्म्याच्या पाठीवर, जिथे पुढे कणा बसतो आणि मग जन्मभर कोणाला दिसत नाही, तिथे शिसपेन्सिलीनं आपली खूण करायची. थोरलीची उभी रेघ, धाकटीची चंद्रकोर, आईची फुली. चुकलं तर कोणाचं चुकलं ते कळावं म्हणून नवऱ्यानंच ती रीत घालून दिली होती. “माझी फुली उघडायची वेळ कोणावर येणार नाही!” ती म्हणे.

आणि मग ती तीनशे गीतपुस्तकं आली…

नवं देऊळ बांधून झालं होतं. अर्पणविधीला मोठे धर्मगुरू येणार होते आणि त्या दिवशी गायची पुस्तकं या घरात बांधली जाणार होती. केवढा मान! महिनाभर ती जमिनीवरून चालतच नव्हती. देवळात धाकटीचा आवाज घुमणार होता, कारण पहिलं गीत तीच उचलणार होती. धाकटी म्हणजे आईच्या काळजाचा तुकडा. वीस वर्षांची, गळा असा की पेटी वाजवणाऱ्या बाई तिच्यासाठी सूर बदलायच्या.

विधीचा दिवस उजाडला. पहिल्या बाकावर ती ताठ बसली. पेटी वाजली, धाकटीनं आनंदाचं गीत उचललं, सगळी मंडळी उभी राहिली, पानं उलटली… आणि अर्धं देऊळ गडबडलं! तिसऱ्या कडव्यापाशी पान उलटताच शंभरेक लोकांच्या पुढ्यात आलं ते मातीच्या वेळचं गीत! तरुण माणसं अडखळून थांबली. म्हाताऱ्यांना काय, समोर जे आहे ते गायचं! उत्सवाच्या ठेक्यात त्यांनी मृताला निरोप द्यायला सुरुवात केली. मागच्या बाकावरचं एक पोर खिदळलं. मग कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. धर्मगुरूंनी हातातलं पुस्तक मिटलं, आणि सगळ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या.

तो क्षण! तिच्या कानात नुसता घूं आवाज… धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं…

तेवढ्यात धाकटी स्वच्छ आवाजात म्हणाली, “जुळणी माझी होती. चूक माझी आहे. क्षमा करा.”

घरी आल्यावर जे झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात दोघं बोलतात. इथे एकटी आईच बोलत होती आणि वीस वर्षांची पोर खाली मान घालून ऐकत होती. “तीस वर्षांचं नाव मातीत घातलंस! लक्ष कुठे होतं? गळ्यात? तो गळा घोटावासा वाटतो मला!”

“चुकलं, आई. क्षमा कर ना मला…”

“क्षमा देव करील! त्याला फावला वेळ आहे! माझ्या घरात तुझं तोंड दिसता कामा नये!”

धाकटी गेली. दूरच्या गावी दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला गेली आणि तिथेच राहिली. दर महिन्याला तिचं पत्र यायचं. आई ते चिमट्यानं धरल्यासारखं उचलून थोरलीच्या पुढ्यात टाकायची. आणि घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर, जिथे या घरात जन्मलेल्यांची नावं लिहिलेली होती, तिथे बोट ठेवून तिनं नवऱ्याला फर्मावलं होतं, “हे नाव झाका. वर कागद चिकटवा. आणि सरस लावा, सरस! पुन्हा निघता कामा नये!” सरसानं चिकटलेलं सुटत नाही, ओढलं तर खालच्या कागदाची चामडी सोलून घेऊन येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नवऱ्यानं ग्रंथ उचलून हातात घेतला. मग म्हणाला, “बरं. कणाही सैल झालाय. हात घालतोच आहे तर तोही बदलतो.”

कधी वाद नाही, कधी आवाज चढवणं नाही. फक्त त्या वर्षापासून संध्याकाळी दुकान बंद झालं की तो तिला टेबलाशी बसवायचा आणि अक्षरं शिकवायचा. “मरायच्या आधी शास्त्र स्वतः वाच,” म्हणायचा. बावन्नाव्या वर्षी अक्षरओळख! ती चिडायची, पाटी ढकलायची, “मेल्यावर देव काय परीक्षा घेणार आहे?” म्हणायची. तो शांतपणे पाटी परत पुढे ओढायचा. एक अक्षर एक आठवडा, तर एक आठवडा. एक ओळ एक महिना, तर एक महिना. अशी वर्षं गेली आणि ती वाचायला लागली… बोट ठेवून, अडखळत, पण स्वतः!

एकदा फळ न देणाऱ्या झाडाची गोष्ट आली. मालक म्हणतो तोडा, आणि माळी म्हणतो, अजून एक वर्ष राहू द्या, मी खत घालतो, माती उकरतो. तिनं चटकन निकाल दिला. “तोडावं मेलं! फुकट जागा अडवतंय. तुमचा देव असा चेंगट कसा हो? कामाचा माणूस इतकी वाट बघत बसत नाही.”

नवरा हसला. शिकंज्यात दाबून ठेवलेल्या एका पुस्तकावर हात ठेवून म्हणाला, “ओलं पुस्तक घाईनं उघडलं तर काय होतं?”

“फाटतं. एवढंही कळत नाही होय मला?”

“देवालाही कळतं, अगं. तो उशीर करत नाही. तो आपण फाटू नये म्हणून थांबतो. त्याचं थांबणं हीच त्याची कृपा.” मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत तो हलकेच म्हणाला होता, “अजून एक वर्ष. अजून एकच वर्ष.”

दर नव्या वर्षाच्या प्रार्थनेत तो हेच शब्द म्हणायचा. तिला वाटायचं, धाकटीसाठी म्हणतोय. कधीतरी ती पोर सुधारेल म्हणून! ती मनातल्या मनात नाक मुरडायची.

मग तो गेला. मातीच्या वेळी धाकटी फाटकापाशी उभी होती, हातात पांढरी फुलं घेऊन. आत यायचा तिला धीर झाला नाही आणि आईनं तिकडे मान वळवली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा!

आठवणींतून ती भानावर आली तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. थोरली कामाला बाहेर गेली होती. म्हातारीनं तो जड ग्रंथ उचलला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात फिरवला. “चल बाबा, तुझा कणा बघू. माझा तर कोणी विचारत नाही.”

पुठ्ठे सुटे करण्याआधी पहिलं पान भिजवावं लागणार होतं. तिनं ओला बोळा त्या पानावर ठेवला आणि दोरा शोधायला वळली. परत येऊन पाहते तो… ती झाकपट्टी एका कोपऱ्यातून अलगद वर आलेली! तिनं नखानं धरली. पट्टी सुटली. चिकटून बसणं नाही, ओढाताण नाही, सापाची कात निघावी तशी सुटून तिच्या हातात आली.

“सरस लावा म्हटलं होतं!” ती रिकाम्या दुकानात ओरडली. “सरस म्हटलं होतं मी! ही तर खळ आहे!”

गव्हाच्या पिठाची साधी खळ. पाण्याचा हात लागला की सोडून देणारी. इतकी वर्षं धरून ठेवणारी, पण कधीही सोडायला तयार असलेली! आणि तिच्याखाली धाकटीचं नाव… नवऱ्याच्या हातचं, गोल, टपोरं, कालच लिहिल्यासारखं. एक अक्षर फिकं झालं नव्हतं.

“असं होय,” ती पुटपुटली. “माझ्या शब्दाची ही किंमत होय! मेल्यावर सुद्धा माणूस फसवतो…”

रागारागानं तिनं कण्यावरचं कातडं उसवलं. कण्याला आतून आधार म्हणून रद्दीची पट्टी लावायची रीत असते. तशी तिथे होती. पण ही पट्टी एखाद्या फालतू कागदाची नव्हती. बिघडलेल्या एका गीतपुस्तकाच्या शेवटच्या दोन फर्म्यांच्या पाठी, शिलाईसकट कापून, जपून बसवलेल्या होत्या. तिनं चष्मा पुसला. एका घडीवर आकडा होता, पाच. त्याला लागूनच दुसऱ्या घडीवर, चौदा.

पाचानंतर चौदा? चौदाच्या आधी तर तेरा हवेत… तिनं बोट ठेवून पुन्हा वाचलं. आता तिला वाचता येत होतं! पाच. चौदा. आणि चौदाच्या खाली, शिसपेन्सिलीनं, ठसठशीत…

फुली.

तिनं फुलीवर बोट ठेवलं. आणि मग एकेक करत सगळं परत येऊ लागलं. त्या सकाळी वरच्या झरोक्यातून ऊन पडत होतं. नवरा म्हणाला होता, “पाचवी चळत उन्हानं वळतेय गं. ती तेराव्याच्या जागी ठेवतोय आणि तेरावी पाचव्याच्या जागी. आकडा बघून उचला हं.” आणि ती म्हणाली होती, खिडकीबाहेर बघतच म्हणाली होती, “मला शिकवू नका!”

आकडा बघून! कोणता आकडा आणि कोणाला दिसत होता…

शंभर पुस्तकं. तीनशेंतली तिच्या वाट्याची शंभर! तिच्या फुलीची! धाकटीला देवळात एका नजरेत कळलं होतं की हे कोणाचं काम आहे आणि ते का झालं असेल. तिनं खरं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, ‘तुमच्या आईला आकडे वाचता येत नाहीत का?’ भर देवळात, धर्मगुरूंसमोर! त्या पोरीनं आईचं गुपित आपल्या पदरी बांधून घेतलं, आणि वर आईनंच तिला… “गळा घोटावासा वाटतो” म्हटलं होतं! या तोंडानं! या जिभेनं!

म्हातारी खुर्चीत कोसळली. आणि मग ते झाडही तिला आठवलं. फळ न देणारं, जागा अडवून उभं राहिलेलं झाड… ‘अजून एक वर्ष. अजून एकच वर्ष.’ तो धाकटीसाठी थोडंच म्हणत होता! दर वर्षी, तिच्याच शेजारी गुडघे टेकून, तो तिच्यासाठी मुदत मागत होता. आणि वरचा मालक दर वर्षी ‘बरं’ म्हणत होता!

“देवा…” तिच्या तोंडून हुंदक्याबरोबर शब्द फुटले, “तुला फावला वेळ आहे म्हणून मी हिणवलं रे… आणि तो सगळा वेळ तू माझ्यावरच घालवलास!”

थोरली परत आली तेव्हा आई टेबलाशी बसून शिवत होती. डोळे लाल, पण टाका सरळ. शेजारी ती फुलीची पट्टी वाळत ठेवलेली. थोरलीनं पट्टी पाहिली आणि दारातच थबकली.

“तुला माहीत होतं,” आई म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

“हो.”

“आणि अठरा वर्षं माझे टोमणे खाल्लेस? धाकटीला नावं ठेवलेली ऐकून घेतलीस? एकदा तोंडावर फेकायचंस ना माझ्या!”

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. “बाबा म्हणायचे, सांगितलेलं तिला नुसतं टोचेल. स्वतः सापडलं तर ती स्वतःच शिवायला बसेल.”

“शहाणा होता मेला,” आई म्हणाली, आणि दोरा दातानं तोडता तोडता ढसाढसा रडू लागली. थोरलीनं तिला जवळ घेतलं. कितीतरी वर्षांनी! आईचं अंग हाताला इतकं हलकं लागेल, असं तिला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळकसाहेब येऊन बसले. खुर्च्या मांडल्या गेल्या. कणा बांधून झाला होता, नाव उघडं ठेवून पहिल्या पानाच्या कडेलाही नव्यानं खळ लागली होती, आणि ग्रंथ शिकंज्यात घट्ट दाबून ठेवला होता. खिडकीशी उभी असलेली थोरली एकाएकी म्हणाली, “आई, कोपऱ्यावर आली ती.”

म्हातारी ताडकन उठली. जोडे पायात सारले, काठी घेतली आणि सरळ मागच्या दाराकडे निघाली!

“आई!” थोरली किंचाळली. “आई, आज तरी… तुझ्या पाया पडते, आज तरी नको गं!”

“मी शब्द दिलाय,” ती मागे न बघता म्हणाली. “ती पुढून आत येईल तेव्हा मी मागून बाहेर असणार. माझा शब्द म्हणजे शब्द!” आणि दार आपटून गेली.

पाळकसाहेबांनी हताशपणे मान हलवली. थोरली भिंतीला टेकून तोंडावर हात घेऊन उभी राहिली.

मागची गल्ली अरुंद होती, दगड वर आलेले होते, आणि सत्तरीच्या गुडघ्यांना ती चाल सोसणारी नव्हती. तरी ती भरभर चालली. न्हाव्याच्या दुकानामागून वळसा, पाण्याच्या नळापाशी दुसरा… धापा टाकत ती पुढच्या रस्त्यावर आली तेव्हा दुकानाच्या पायरीशी एक बाई पाठमोरी उभी होती. हातात पांढरी फुलं. कानाशी केस पिकलेले. दारावर थाप मारायला उचललेला हात अधांतरी थांबलेला…

“थांब!” म्हातारी ओरडली. “आत पाऊल टाकू नकोस!”

धाकटीनं दचकून मागे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. “जाते मी, आई. ताईनं बोलावलं म्हणून… जाते लगेच.”

“जाते काय जाते! दम खाऊ दे जरा मला.” काठीवर भार टाकून ती दोन पावलं पुढे आली. “अगं, मी म्हटलं होतं, तू घरात आलीस तर मी बाहेर असेन. म्हणून आले बाहेर. तुला… आणायला.”

धाकटीला काही कळेना. म्हातारीनं मुठीतली चुरगळलेली पट्टी तिच्यापुढे धरली. पाच. चौदा. फुली.

“वाचता येतं मला आता,” तिचा आवाज फाटला. “तुझ्या बापानं शिकवलं. पाचानंतर चौदा येत नाहीत. माझी चूक होती, पोरी. देवळातली माझी, आणि घरातली तर… तिला काय म्हणतात ते अक्षर मला अजून शिकायचंय. तू का नाही गं बोललीस?”

“तुला पहिल्या बाकावर बसायला किती आवडायचं, आई…” एवढंच धाकटी म्हणू शकली.

फुलं पायरीवर पडली. भर रस्त्यात, न्हाव्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर, त्या दोघी अशा रडल्या की न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. म्हातारीचं तरीही लक्ष गेलंच. लेकीच्या खांद्यावरून ती ओरडली, “बघतोस काय रे? गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळतोय!”

रडता रडता धाकटीला हसू फुटलं. तेच जुनं, गाण्याच्या आधी यायचं तसं.

आत प्रार्थना झाली. ग्रंथ शिकंज्यात होता म्हणून पाळकसाहेबांनी त्या झाडाची गोष्ट तोंडपाठ सांगितली, आणि ‘अजून एक वर्ष’ या शब्दांशी म्हातारीनं डोळे मिटून घेतले. मग धाकटीनं गीत उचललं. अठरा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं तेच आनंदाचं गीत. आवाज थोडा जाड झाला होता, पण तिसरं कडवं या वेळी नीट लागलं.

सगळे गेल्यावर धाकटी टेबलाशी येऊन उभी राहिली. शिकंज्याच्या मुठीवर तिनं हात ठेवला. “ताई म्हणते, माझं नाव अजून आहे यात. बघू?”

“हात काढ!” आई खेकसली. मग तिनं लेकीचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही. “ओलं आहे अजून. आत्ता उघडलं तर फाटेल. सकाळपर्यंत थांब.”

“थांबते की,” धाकटी म्हणाली. “मला कुठे घाई आहे?”